विश्लेषण : लग्नाची सीडी, मेमरी कार्डवरची थ्रीजीपी क्लिप नव्या मोबाइलवर का चालत नाही?

कपाट आवरताना २००४ सालच्या लग्नाची सीडी सापडते. जुन्या नोकियातल्या दोन जीबीच्या मेमरी कार्डवर आजीचा आवाज असलेली क्लिप निघते. पंचवीस हजारांचा नवा फोन मात्र सांगतो, ‘ही फाइल चालवता येत नाही’. दुकानात विचारले तर उत्तर मिळते, ‘फाइल करप्ट झाली, सोडून द्या’. बहुतेक वेळा हे निदान चुकीचे असते. फाइल जशीच्या तशी असते, ती उलगडण्याची विद्या फोन विसरलेला असतो. धोका दुसरीकडे आहे. ज्या सीडीवर किंवा कार्डावर ती फाइल आहे, ते मात्र खरोखरच मरणाच्या वाटेवर आहे.

प्रश्न आताच का उभा राहिला?

जुन्या फाइल वाचणारी यंत्रे घराघरांतून एकाच वेळी बाहेर पडत आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिलेला आधार थांबवला. त्या संगणकांपैकी अनेकांना सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह होता. त्यांच्या जागी येणाऱ्या लॅपटॉपला तो नसतो. टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर बऱ्याच घरांत भंगारवाल्याकडे कधीच गेला. नव्या फोनमधून मेमरी कार्डाची खाचही नाहीशी होत चालली आहे.

दुसरा बदल अँड्रॉइडमध्ये आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षात आलेला नाही. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी ‘हा प्लेअर टाक, सगळे चालते’ म्हणून दिलेली ॲप्स आता नव्या फोनवर बसतच नाहीत. अँड्रॉइड १४ पासून, अँड्रॉइड ६ च्या आधीच्या नियमांनुसार लिहिलेले ॲप फोन थेट नाकारतो. ३२ बिटची ॲप्स चालवणे काही नव्या फोननी बंद केले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर अँड्रॉइड १५ व पुढच्या आवृत्तीसाठी प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲपला आणि जुन्याच्या सुधारित आवृत्तीला १६ केबीच्या ‘मेमरी पेज’वर चालण्याची तयारी ठेवावी लागते. आजवर हे पान ४ केबीचे होते. वापरणाऱ्याला यातले काही दिसत नाही. पण व्हिडीओ प्लेअरचा गाभा याच बदलाने अडणाऱ्या प्रकारच्या कोडमध्ये लिहिलेला असतो. ज्या प्लेअरचा कर्ता ते काम सोडून गेला आहे, तो प्लेअर हळूहळू बाद होणार.

या फाइल आल्या कोठून?

अहिल्यानगर जिल्ह्यात, आणि थोड्याफार फरकाने सगळ्या ग्रामीण महाराष्ट्रात, चलचित्रे तीन लाटांत घरी आली. पहिली लाट लग्नाच्या शूटिंगची. नव्वदच्या दशकात व्हीएचएस कॅसेट, मग मिनीडीव्ही, आणि २००० नंतर ‘मिक्सिंग’ करून दिलेली व्हिडीओ सीडी. हळदीच्या प्रसंगावर हिंदी गाणे, नवरदेव घोड्यावर असताना पडद्यावर फिरणारी बदामाची आकृती, शेवटी स्टुडिओचे नाव आणि फोन नंबर. एका व्हीसीडीवर जेमतेम ७४ मिनिटे मावत, म्हणून लग्न दोन-तीन सीडींत विभागलेले असे. साखरपुडा आणि हळद पहिल्या सीडीत, विहीण-पंगत तिसऱ्या.

दुसरी लाट मेमरी कार्डाची. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानात ‘डाउनलोडिंग करून मिळेल’ अशी पाटी असायची. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळे. भारनियमनाचा तो काळ होता. शेतीपंपाची वीज रात्री, घरातली वीज नाही, टीव्ही बंद. पण चार्ज केलेल्या फोनवर कीर्तन, लावणी, भारुड आणि कॉमेडी क्लिप चालत. पारनेर, पाथर्डी, जामखेडसारख्या तालुक्यांत कित्येकांनी पहिला ‘सिनेमा स्वतःच्या मालकीचा’ पाहिला तो दोन इंची पडद्यावर.

तिसरी लाट स्वतःच्या कॅमेऱ्याची. फोनला कॅमेरा आला आणि गावाने स्वतःचे चित्रण सुरू केले. एप्रिल २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या दिल्लीतील उपोषणाने राळेगणसिद्धीकडे देशाचे लक्ष वळले. वाहिन्यांचे कॅमेरे बातमी पाहत होते, पण गावातल्या हातातले फोन काय पाहत होते, ते वाहिन्यांच्या संग्रहात असणार नाही. यात्रा, ग्रामसभा, बैलपोळा, शाळेचे स्नेहसंमेलन, पाणलोटाच्या कामावरचे श्रमदान, अशा गोष्टी त्या काळात थ्रीजीपी नावाच्या फाइलमध्ये साठत गेल्या. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले, डेटा स्वस्त झाला, कार्ड भरण्याची गरज संपली. कार्डे ड्रॉवरमध्ये गेली, ती तिथेच आहेत.

फाइल शाबूत असताना फोन नकार का देतो?

व्हिडीओ फाइल म्हणजे जेवणाचा डबा समजा. एव्हीआय, एमपीफोर, थ्रीजीपी, एमओव्ही ही डब्यांची नावे झाली. आत काय शिजवले आहे, ते डब्यावरून कळत नाही. आतले चित्र एका पद्धतीने दाबून लहान केलेले असते, आवाज दुसऱ्या पद्धतीने. या दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. डबा उघडता आला, पण आतला पदार्थ ओळखता आला नाही, की फोन ‘फॉरमॅट चालत नाही’ असे म्हणतो. कधी चित्र ओळखतो आणि आवाज ओळखत नाही. मग मुकी फिल्म चालते. कधी उलटे होते, आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

आजच्या फोनमधील चिपमध्ये व्हिडीओ उलगडण्यासाठी खास जागा कोरलेली असते. एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३), व्हीपी९ आणि एव्ही१ (२०१८) या पद्धती तिथे असतात, कारण यूट्यूब, ओटीटी आणि फोनचा स्वतःचा कॅमेरा याच वापरतात. सीडीतली एमपीईजी-१, डीव्हीडीतली एमपीईजी-२, विंडोजची डब्ल्यूएमव्ही, जुनी रिअल मीडिया यांच्यासाठी चिपमध्ये जागा खर्च करावी असे कोणत्याही कंपनीला वाटत नाही. अँड्रॉइडने फोनसाठी ठरवलेल्या मूळ यादीतही या पद्धती नाहीत. एव्हीआय हा १९९२ चा मायक्रोसॉफ्टचा डबा आहे. तोही त्या यादीत नाही. काही कंपन्या पदरचे म्हणून तो चालवतात, काही चालवत नाहीत. म्हणून तीच फाइल भावाच्या फोनवर चालते आणि तुमच्या फोनवर नाही. यात तुमचे काही चुकलेले नसते.

पैशाचीही बाजू आहे. अनेक कोडेकवर पेटंट होती वा आहेत, आणि प्रत्येक फोनमागे परवाना शुल्क द्यावे लागे. जी पद्धत गिऱ्हाईक मागत नाही तिचे शुल्क कोण भरेल? आता गंमत अशी, की एमपीईजी-१ ची पेटंट केव्हाच संपली, एमपीईजी-२ ची अमेरिकेतील शेवटची पेटंट २०१८ मध्ये संपली. म्हणजे फुकट झाले तेव्हा कुणाला नको झाले.

फाइलचे नाव बदलून ती चालते का?

‘शेवटची अक्षरे बदलून एमपीफोर करा, चालेल’ असा सल्ला हमखास मिळतो. नगरच्या एसटीवरची पाटी आता ‘अहिल्यानगर’ झाली, गाडी मात्र त्याच माळीवाड्याच्या स्टँडवर जाते. फाइलचेही तसेच. शेपूट बदलल्याने आतला कोडेक बदलत नाही. एक अपवाद उपयोगी आहे : व्हीसीडीतील फाइलला ‘डॅट’ असे शेपूट असते. आत सरळ एमपीईजी-१ असते, पण ‘डॅट’ हे नाव इतर शंभर गोष्टींना वापरले जाते, म्हणून प्लेअर तिला व्हिडीओ समजतच नाही. तिचे शेपूट ‘एमपीजी’ केले तर चांगला प्लेअर तिला ओळखतो. ही फक्त पाटी दुरुस्त केली, पदार्थ नव्हे. नाव बदलण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी, एवढे पथ्य पुरे.

मग कोणते ॲप वापरावे?

स्वतःचे कोडेक स्वतःबरोबर आणणारे. अशा ॲपला फोनच्या चिपवर विसंबावे लागत नाही. ते प्रोसेसरकडून हिशेब करून घेते. पूर्वी यात फोन तापायचा आणि चित्र अडखळायचे. आता जुन्या फाइल इतक्या लहान वाटतात की साध्या फोनलाही त्या जड जात नाहीत.

यात व्हीएलसीचे नाव पहिले घ्यावे लागते. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २००१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर तो मोफत आहे, जाहिराती नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या डाउनलोडने सहा अब्जांचा आकडा ओलांडल्याचे सांगण्यात आले. भारतात त्याचा एक वेगळा अध्याय आहे. २०२२ च्या सुरुवातीला त्याचे संकेतस्थळ देशात उघडेनासे झाले. कारण कोणी जाहीर केले नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या मदतीने कायदेशीर नोटीस गेल्यानंतर त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या काळातही प्ले स्टोअरवरचे ॲप मिळत होते. पण ‘व्हीएलसीवर बंदी आहे’ ही समजूत काही दुकानांत आजही टिकून आहे. ती खरी नाही.

एमएक्स प्लेअर भारतात याहून अधिक घरांत पोहोचला होता. कोरियात जन्मलेला हा प्लेअर २०१८ मध्ये टाइम्स इंटरनेटने घेतला, २०२४ मध्ये त्यातील मालिका-चित्रपटांची सेवा ॲमेझॉनकडे गेली. त्यामुळे या नावाचे ॲप घेताना ते फोनमधील फाइल उघडते का, हे आधी पाहावे. डीव्हीडीचा आवाज बहुधा एसी३ पद्धतीचा असतो आणि परवान्याच्या कारणाने एमएक्सने तो वगळला होता. मुक्या डीव्हीडीचे कोडे बऱ्याचदा इथेच सुटते : तीच फाइल व्हीएलसीमध्ये बोलू लागते.

चित्र हिरवे-गुलाबी दिसले, चौकोन-चौकोन फुटले, तर फाइल खराब आहे असे मानण्याआधी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद करून पाहावे. चिपने नीट न उलगडलेली फाइल प्रोसेसर अनेकदा नीट उलगडतो.

एक सावधगिरी. ‘हा व्हिडीओ पाहण्यासाठी कोडेक इन्स्टॉल करा’ असे सांगणारा संदेश किंवा संकेतस्थळ दिसले तर थांबावे. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. जुन्या व्हिडीओची ओढ हेही तसेच आमिष ठरू शकते. वर सांगितलेल्या प्लेअरना वेगळा कोडेक लागत नाही. एपीके टाकून बसला असाल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. यात तासही महत्त्वाचा असतो.

कोणती फाइल कुठे अडते?

थ्रीजीपी सहसा चालते. तक्रार असते ती ‘एवढेसे आणि धुरकट’ दिसण्याची. त्या काळातील अनेक फोन १७६ गुणिले १४४ बिंदूंचे चित्र घेत. म्हणजे एकूण २५,३४४ बिंदू. आजच्या १०८० गुणिले २४०० च्या पडद्यावर २५,९२,००० बिंदू असतात, शंभर पटींहून जास्त. रुमाल पसरून सतरंजी होत नाही. क्लिप पडदाभर न ताणता लहान चौकटीत पाहिली तर चेहरे अधिक ओळखू येतात. आवाज फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेल्या एएमआर पद्धतीचा असतो. माणसाचे बोलणे ठीक, ढोल-ताशा मात्र पत्र्यासारखा.

डीव्हीडीमध्ये ‘व्हीओबी’ फाइल असतात आणि त्या एकेक जीबीच्या तुकड्यांत कापलेल्या असतात. एक तुकडा उचलून फोनवर टाकला की सोहळा मधेच सुरू होतो आणि मधेच संपतो. सगळे तुकडे क्रमाने घ्यावे लागतात. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर तो दोष नाही. जुन्या टीव्हीसाठी चित्र एक ओळ सोडून एक असे दोन हप्त्यांत टिपले जाई, नव्या पडद्यावर ते उघडे पडते. प्लेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ हा पर्याय लावला की रेघा जातात.

एव्हीआयमध्ये काहीही असू शकते. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची क्लिप वेगळी, सातशे एमबीच्या सीडीत बसवलेला चित्रपट वेगळा. एफएलव्ही फाइल फ्लॅशच्या जमान्यातील. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाले म्हणून या फाइल मेल्या असे अनेकांना वाटते. व्हीएलसी त्या आजही चालवतो. डब्ल्यूएमव्ही चालते, मात्र कुलूपबंद (डीआरएम) असेल तर नाही. त्या कुलपाची किल्ली देणारी व्यवस्थाच बंद झालेली असते.

सीसीटीव्हीची गोष्ट निराळी. संगमनेर, अकोले, राहुरी पट्ट्यात बिबट्या अंगणात फिरल्याचे चित्रण गावोगाव फिरते. पण रेकॉर्डरमधून थेट काढलेली फाइल ‘डीएव्ही’सारख्या कंपनीच्या स्वतःच्या डब्यात असते. आत बहुधा एच.२६४ किंवा एचईव्हीसीच असते. व्हीएलसी कधी उघडतो, कधी तारीख-वेळ गमावून उघडतो. कंपनीचा प्लेअर त्याच रेकॉर्डरमधून फाइलबरोबर उतरवून घेतलेला बरा.

सीडी मोबाइलमध्ये कशी आणायची?

थेट नाही. बहुतेक फोन ओटीजी केबलला जोडलेला सीडी ड्राइव्ह ओळखत नाहीत. मधे संगणक लागतोच. ड्राइव्ह असलेला जुना संगणक, नाहीतर यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल असते, डीव्हीडीत ‘व्हिडीओ_टीएस’ फोल्डर असतो. तो पूर्ण उतरवून घ्यायचा. व्हीसीडीचा व्हिडीओ मिनिटाला साधारण दहा एमबी जागा घेतो, म्हणजे तीन सीडींचे लग्न दोन-सव्वादोन जीबीत मावते. आजच्या फोनमध्ये ही जागा नगण्य आहे.

खरी अडचण येते ती अर्ध्यावर उतरवणे थांबते तेव्हा. याचे कारण व्हीसीडीच्या रचनेत आहे. साध्या डेटा सीडीत चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहितीचा एक थर राखलेला असतो. व्हीसीडीत जास्त मिनिटे बसावीत म्हणून व्हिडीओच्या भागातून तो थर काढून टाकला आहे. त्यामुळे किरकोळ ओरखडाही संगणकाला अडवतो. टीव्हीजवळचा प्लेअर तोच ओरखडा चौकोन दाखवून ओलांडून जायचा. म्हणून एका ड्राइव्हवर नाही वाचली तर दुसऱ्या-तिसऱ्यावर पाहावी. ड्राइव्हागणिक फरक पडतो. वाचता न आलेली जागा सोडून पुढे जाणारी रिकव्हरी साधनेही मिळतात. दोन मिनिटे गेली तरी बाकीचे तास वाचतात.

ओरखड्याला लोक खालून पाहतात. घात होतो वरून. सीडीचा चकाकणारा थर छापील बाजूला, पातळ लाखेखाली असतो. त्या बाजूने ओरखडा गेला, किंवा वधूवरांच्या नावाचा चिकटवलेला कागद ओढून काढला, की थरच निघतो आणि मग उपाय नाही. घरी वा स्टुडिओत लिहिलेल्या सीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो, तो उन्हाने आणि उष्णतेने फिका पडतो. पत्र्याच्या घरात, खिडकीशेजारच्या शोकेसमध्ये वीस उन्हाळे काढलेली सीडी आज वाचली जाते आहे, हेच खूप समजावे. पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे, गोल नाही. टूथपेस्टचा प्रयोग करू नये.

हँडीकॅमच्या लहान डीव्हीडीबाबत एक बारकावा माहीत असावा. चित्रण झाल्यावर कॅमेऱ्यात ती ‘फायनलाइज’ करायची असे. ते राहून गेले असेल तर संगणक तिला रिकामी म्हणतो. ती रिकामी नसते. त्याच कंपनीचा चालू कॅमेरा मिळाला तर काम होते, आणि असा कॅमेरा जुन्या स्टुडिओवाल्याकडे मिळण्याची शक्यता अधिक.

मेमरी कार्डही चिरंजीव नाही. त्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो झिरपत जातो. कार्ड फोनला किंवा कार्ड रीडरला लावल्यावर ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणायचे. मग दुसऱ्या रीडरवर पाहायचे. हा एक चुकीचा ‘होय’ अनेक आठवणी पुसून गेला आहे.

एमपीफोर करून मूळ फाइल टाकून द्यावी का?

नाही. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही.

फाइल बदलण्याचे दोन प्रकार आहेत. आतला पदार्थ तसाच ठेवून डबा बदलणे; यात काही बिघडत नाही. एफएलव्ही किंवा एमओव्हीमध्ये एच.२६४ असेल तर असे करता येते. दुसरा प्रकार पदार्थच पुन्हा शिजवण्याचा. व्हीसीडीचे एमपीफोर करताना हेच होते आणि दर वेळी थोडा तपशील जातो. पुढे व्हॉट्सॲपवर टाकले की पुन्हा दाबले जाते. पाचव्या मामापर्यंत पोहोचते तेव्हा नवरीचा चेहरा नावापुरता उरतो. पाहण्यासाठी एच.२६४ चित्र आणि एएसी आवाजाची एमपीफोर प्रत जरूर करावी. संगणकावरील हँडब्रेक हे मोफत साधन पुरेसे आहे. चित्राचा आकार वाढवू नये, त्याने फक्त फाइल फुगते. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. २०२२ पासून तशी दोन जीबीपर्यंतची फाइल जाते आणि ती दाबली जात नाही. पण सीडीतून जशी उतरली तशी मूळ फाइल दोन ठिकाणी राहू द्यावी.

ऑनलाइन कन्व्हर्टर सोयीचे वाटतात. तिथे आपण घरच्या बायकामुलांचे चित्रण अनोळखी सर्व्हरवर देत असतो, याचा विचार करावा. एआयने ‘एचडी’ करून देणारी ॲप्स आणखी एक घोळ करतात. २५ हजार बिंदूंत नसलेला तपशील ती कल्पनेने भरतात. आजी तरतरीत दिसते, पण ती आपली आजी राहत नाही.

मूळ फाइलचे महत्त्व केवळ भावनेचे नाही. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा वाद आठवावा. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नंतर, हा प्रश्न होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाच्या व्हीसीडींचा. त्या सीडींसोबतचे प्रमाणपत्र कोणी देईना. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा नियम स्पष्ट केला : ज्यात चित्रण झाले ते मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्यापुढे जाऊन फाइलचे ‘हॅश’ मूल्यही नोंदवावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलचा अंगठाच. रूपांतर केले की अंगठा बदलतो. बांधावरचा वाद, अपघात, चोरी यांचे चित्रण ‘फोनवर चालावे’ म्हणून बदलून मूळ पुसणे किती महागात पडेल, ते यावरून कळावे.

हे काम कोणाचे?

चित्रपटांसाठी सरकारी व्यवस्था आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, जुन्या चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी २०२२ मध्ये ३६३ कोटी रुपये जाहीर झाले. गावच्या यात्रेची, बंद पडलेल्या तमाशा फडाच्या शेवटच्या खेळाची, गेलेल्या कीर्तनकाराची सीडी त्या व्यवस्थेत येत नाही. संगमनेरला कांताबाई सातारकर यांच्यासारखी कलावंत २०२१ मध्ये गेली. अशा कलावंतांचे खेळ प्रेक्षकांनी कितीदा फोनवर टिपले असतील, आणि त्यातले किती कार्डांत पडून असतील, याची नोंद कोणाकडे असण्याचे कारण नाही.

इतरत्रही मोठ्या संस्था यात ठेचकाळल्या आहेत. बीबीसीने १९८६ मध्ये, इंग्लंडच्या ‘डूम्सडे बुक’ या नोंदवहीला ९०० वर्षे झाली म्हणून, लाखो लोकांच्या सहभागाने देशाचे चित्र लेझर डिस्कवर साठवले. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती वाचवायला संशोधकांचा वेगळा प्रकल्प लागला. १०८६ ची मूळ वही मात्र तेव्हाही उघडून वाचता येत होती. आपल्या जिल्ह्यातही असे उदाहरण आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती पहिली प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो पिढ्यान्‌पिढ्या नकला उतरवल्या गेल्या म्हणून. आणि नकला करताना पाठ बिघडत गेले, म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांना प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. फाइलच्या बाबतीत एकनाथांचे काम करायला नंतर कोणी येणार नाही. प्रत बिघडली तर ताडायला दुसरी हवी, ती आताच ठेवावी लागेल.

सीडी अजिबातच वाचली जात नसेल तर एक दार उरते. ज्या स्टुडिओने शूटिंग केले त्याच्याकडे विचारावे. व्हीसीडी ही मूळ चित्रणाची दुय्यम प्रत होती. मूळ मिनीडीव्ही कॅसेट किंवा मिक्सिंगच्या संगणकाची हार्ड डिस्क काहींनी माळ्यावर ठेवलेली असते. बऱ्याच जणांनी त्याच कॅसेटवर पुढच्या मोसमातले लग्न टिपले, हेही खरे. तरी विचारावे. कॅसेट मिळाली तर तिच्यातील चित्र व्हीसीडीपेक्षा चौपट बारीक असते. मात्र ती फिरवणारा कॅमेरा आणि संगणकाला जोडणारी फायरवायर केबल अशा दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, असा माणूस शोधण्यात दिवस जातील. सीडीच्या मागे स्टुडिओचा जुना लँडलाइन नंबर असतोच. तो लागत नसेल तर त्या पेठेतल्या दुसऱ्या फोटोवाल्याला विचारावे, त्याला माहीत असते.